दिल्ली ते लेह अंतर किती आणि विमानाला किती वेळ लागतो?

दिल्ली-लेह हवाई अंतर साधारण ६२० किलोमीटर. तिकिटावर सव्वा ते दीड तास लिहिलेला असतो. त्यातलं खरं उडणं तासाभराचंच, बाकी वेळ दिल्लीत धावपट्टीच्या रांगेत सरकण्यात जातो. आपल्याकडे एवढ्या वेळात रेल्वेने सोलापूरहून कुर्डुवाडीच्या थोडं पुढे पोहोचतो माणूस. रस्त्याने मात्र मनालीमार्गे हजार किलोमीटरच्या घरात, श्रीनगरमार्गे त्याहून जास्त. २०२० साली अटल बोगदा झाला आणि रोहतांगचा घाट टळला खरा, पण बारालाचा आणि तंगलंग ला हे घाट आहेतच. मे महिन्यात तो रस्ता खुला असेलच असं धरून चालू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न: आई-वडिलांना घेऊन लेहला उतरल्या दिवशीच पँगाँग तलाव उरकता येईल का? नाही, अजिबात नको.

कारण असं, की हे सव्वा तासाचं प्रकरण दिसतं तेवढं सोपं नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर, दिल्ली त्याच्याही खाली, आणि लेहचा विमानतळ सुमारे ३,२५० मीटरवर, म्हणजे साडेदहा हजार फुटांच्या वर. गंमत बघा, विमान तीस हजार फुटांवर असलं तरी आतली हवा दाब देऊन सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेसारखी ठेवलेली असते. म्हणजे आकाशात असताना श्वासाला जेवढी हवा मिळते, त्याहून विरळ हवा लेहला जमिनीवर पाय ठेवल्यावर मिळते. समुद्रकिनाऱ्यावरच्या दाबाच्या जेमतेम दोन तृतीयांश. बॅगेतली शेंगा चटणीची बंद पाकिटं टम्म फुगलेली दिसतील, त्यावरून अंदाज येईल.

शरीराला हे पहिल्या तासात कळत नाही. सगळे उत्साहात फोटो काढतात आणि संध्याकाळी डोकं ठणकायला लागतं, मळमळतं, रात्री झोप लागत नाही. पँगाँगला जायचं तर १७ हजार फुटांच्या वरचा चांग ला हा घाट ओलांडावा लागतो. म्हणून पहिले दोन दिवस लेहमध्येच काढा. पहिल्या दिवशी तर खोलीतच पडून राहा, जिने कमी चढा, पाणी भरपूर प्या. आई-वडिलांना बीपी, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना भेटा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही तेही त्यांनाच विचारा, ग्रुपवरच्या सल्ल्याने घेऊ नका.

तिकीट काढताना एक लक्षात ठेवा. लेहची विमानं बहुतेक सकाळची असतात, कारण दुपारी खोऱ्यात वारा सुटतो आणि ऊन तापलं की आधीच विरळ असलेली हवा आणखी विरळ होते, विमानाला उचल कमी मिळते. सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसने गेलात तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीत पोहोचते. त्याच सकाळचं विमान धरायच्या भानगडीत पडू नका, एक रात्र दिल्लीत मुक्काम करा. परतीलाही विमान आणि रेल्वे यांच्यात एक दिवस मोकळा ठेवा. लेहला ढग उतरले की विमान रद्द होतं आणि मग दुसऱ्या दिवशीच्या सकाळशिवाय पर्याय नसतो.