“छान होती, सर” याच्या पुढे काय बोलायचं?

“मॅडम, सरांनी विचारलं की माझ्या तोंडून एवढंच निघतं, ‘छान होती, सर.’ आणि मी तिथून सटकते.”

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेली, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातली मुलगी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तिची वाचनाची आवड पाहून सर स्वतःच्या संग्रहातल्या कादंबऱ्या तिला देत. परत घेताना सहज विचारत, “कशी वाटली?” या दोन शब्दांच्या धास्तीने वाचून झालेली कादंबरी तीन आठवडे तिच्या बॅगेतच पडून होती. नेटवरची परीक्षणं वाचून ती वाक्यं पाठ करायची, पण ऐन वेळी तीही आठवायची नाहीत. “माझं मत चुकलं तर? सरांना वाटेल, हिला काही कळतच नाही.”

मी घाईने म्हणाले, “मत कधी चुकीचं नसतं गं.”

“मग परीक्षेत मार्क का जातात?”

तिचं बरोबर होतं. मत कच्चं असू शकतं, पुस्तकात नसलेलंही आपण त्यात पाहू शकतो. अशा खोट्या दिलाशाने हुशार मुलं आणखी एकटी पडतात. मी माझं वाक्य मागे घेतलं आणि विचारलं, “वाचताना कुठे थांबलीस?”

ती लगेच बोलू लागली. “मुलाला घराबाहेर काढतात आणि आई गप्प राहून घड्या घालत बसते, तिथे. इतका राग आला की दोन दिवस पुस्तक उघडलंच नाही. पण हे काय सरांना सांगायचं?”

हेच तर सांगायचं! साहित्याच्या अध्यापनावर आयुष्यभर काम केलेल्या लुईझ रोझेनब्लॅट यांनी १९३८ सालीच मांडलं होतं की वाचक आणि मजकूर यांच्या देवाणघेवाणीतून अर्थ घडतो. वाचकाच्या प्रतिसादापासून सुरुवात करावी, मग पुन्हा मजकुराकडे जाऊन तो पडताळावा. म्हणजे राग हे मताचं पहिलं टोक. तो कोणत्या पानावर आला आणि का, हे सांगता आलं की सरांशी बोलण्यासारखं काहीतरी हातात येतं.

भीतीचं काय? त्यासाठी बोधात्मक वर्तन उपचारातली (विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत) एक साधी रीत वापरली : काय होईल असं वाटतं ते आधी लिहायचं, मग घडलं त्याच्याशी ताडून पाहायचं. सरांकडे जाण्याआधी तिने कागदावर लिहिलं : ‘सर हसतील. म्हणतील, तुला कादंबरी कळली नाही. मग पुस्तकं देणं बंद करतील.’ कागद माझ्याकडे ठेवला.

पुढच्या भेटीत आम्ही तो उघडला. सर हसले नव्हते. मात्र म्हणाले होते, “मला नाही पटत. ती आई आधी एकदा बोलली आहे, तेव्हा तिचं काय झालं ते पुन्हा वाच.” म्हणजे तिच्या नजरेतून काहीतरी निसटलं होतं खरं. भीतीतला एवढा भाग खरा ठरला, आणि तरीही ती माझ्यासमोर उत्साहाने बोलत होती. मला ते फार मोलाचं वाटलं.

“वाचलंस पुन्हा?”

“हो. थोडं पटलं. पण त्या घड्यांचा राग आहेच, आणि तेही मी सरांना सांगितलं.”

पुस्तकं येणं थांबलेलं नाही. सध्याची कादंबरी सरांची फार आवडती आहे आणि तिला कंटाळवाणी वाटली आहे. कंटाळा नेमका कोणत्या पानापासून सुरू झाला, ते ती शोधते आहे.