इडलीच्या पिठाशेजारचा डबा

प्रश्न : ताई, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. वय ५६. घरात तेलुगू बोलतो, पण लिहायला मराठीच येतं. जन्मभर विड्या वळल्या, अजून वळते. सून टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर आहे. नातू पाच महिन्यांचा झाला, तिची रजा संपली, आता कामावर जाते. पण बाळाला वरचं दूध द्यायचं नाही म्हणते. कारखान्याच्या संडासात उभं राहून दूध काढते, डब्यातून आणते, फ्रीजमध्ये ठेवते. इडलीच्या पिठाशेजारी तो डबा बघून मला कसंसंच होतं. उन्हातून आलेल्या बाईचं दूध तापलेलं असतं, म्हणून मी तिला आल्यावर अर्धा तास बसवते आणि पहिलं दूध पिळून टाकायला लावते. त्यावरून घरात कुरबूर. तिकडे सुपरवायझर टोकतो. माझा मुलगा वरच्या दुधावरच वाढला, त्याला काय झालं? सुनेला कसं समजावू?

उत्तर : अक्का, आधी ते पिळून टाकणं थांबवा. आजपासूनच. ऊन लागतं ते अंगाला आणि डोक्याला. छातीतलं दूध अंगाच्याच उबेचं असतं, वैशाखातही आणि पौषातल्या गड्डा जत्रेच्या थंडीतही. उलट बाळ तोंड लावतं तेव्हा सुरुवातीला येणारं दूध जरा पातळ असतं, ते त्याची तहान भागवतं. आपल्या उन्हाळ्यात नेमकं तेच तुम्ही मोरीत सोडताय! आईच्या दुधात शंभरात सत्त्याऐंशी भाग पाणीच असतं. म्हणून सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाला वरून चमचाभरसुद्धा पाणी लागत नाही, पारा ४२ वर गेला तरी. घुटी नको, गूळपाणी नको.

आता डब्याचं. कसंसं होतं हे तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत, बरं केलंत. गाईच्या दुधाचं पातेलं त्याच फ्रीजमध्ये असतं, त्याचं काही वाटत नाही. सवयीचा भाग आहे. डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा, उकळत्या पाण्यातून काढलेला हवा. काढलेलं दूध साधारण २५ अंशांच्या खोलीत चार तास टिकतं, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तशी खोली मिळायची कुठे? म्हणून कारखान्यात डबा बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ठेवायचा, घरी आला की फ्रीजमध्ये आत, दारातल्या कप्प्यात नाही. तिथं ते चार दिवस राहतं, तुम्ही दुसऱ्या दिवशीच संपवा. वर सायीचा थर दिसला तर नासलं समजून ओतू नका, डबा हलकेच गोल फिरवला की मिसळतं. गॅसवर तर मुळीच चढवायचं नाही. कोमट पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवली की झालं. उष्टं उरलेलं मात्र टाकून द्या. आणि पाजायचं वाटी-चमच्यानं, किंवा घरात जुनं बोंडलं असेल तर त्यानं. बाटली नको. काही दिवसांआड येणारं नळाचं पाणी साठवून वापरणारी माणसं आपण, बाटलीचं ते बूच रोज कितीदा उकळणार?

एक राहिलंच. तुम्ही दिवसभर तंबाखूत हात घालता. बाळाला घ्यायच्या आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, लुगडं झटकायचं नाही, बदलायचं. आणि विडीचं सूप बाळाच्या खोलीत नको.

तुमच्या मुलाला काय झालं? काहीच नाही. तो नीट वाढला, उद्या ह्या बाळालाही डॉक्टरांनी काही कारणानं वरचं दूध सांगितलं तर सुनेनं मनाला लावून घेऊ नये. पण अक्का, सुनेचा हट्ट दिसला की तुम्हाला स्वतःवर ठपका ऐकू येतो, असं मला वाटतं. मांडीवर सूप आणि संध्याकाळी हजार विड्या मोजून द्यायच्या, त्या मांडीवर मूल बसणार कुठे? तुमचं दूध कामानं तोडलं. आता तेच काम सुनेचं तोडायला बघतंय आणि ती तोडू देत नाही, इतकंच चाललंय. मी नोकरीला होते तेव्हा दुपारी तीनच्या सुमाराला ब्लाउज भिजायचा, मग छातीशी फायली धरून मी उभी. साहेबांना वाटायचं, बाई फार कामसू!

दूध कमी पडेल ही भीती असेल तर साधा हिशेब धरा : चोवीस तासांत सहा-सात वेळा लंगोट भिजतोय आणि अंगणवाडीच्या काट्यावर वजन चढतंय, म्हणजे पुरतंय. विहिरीचा उपसा थांबला की झरा बसतो, तसंच हे. एका वेळेला वरचं दूध दिलं की तेवढं अंगावरचं कमी होत जातं. रात्रीचं पाजणं तिला चालू ठेवू द्या. सहा महिने झाले की पेज, मऊ वरणभात सुरू करा, अंगावरचं मात्र दोन वर्षांपर्यंत चालू दे.

राहिला सुपरवायझर. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसात दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी, जेवणाची सुट्टी सोडून, पगार न कापता, हा १९६१ च्या कायद्यापासूनचा हक्क आहे आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो राहिला आहे. कामगार ५० किंवा जास्त असतील तर पाळणाघराची सोय करावी लागते, तिथं आईला दिवसात चारदा जाता येतं. मेहेरबानी नाही ही. पण सुनेनं एकटीनं भांडायला जाऊ नये. शिलाईवरच्या दोन-तीन जणी मिळून लेखी अर्ज द्या, त्याची एक प्रत सहीनिशी स्वतःकडे ठेवा. मागायचं काय? एक कोपरा, एक खुर्ची, आतून कडी आणि पडदा. टॉवेलच्या कारखान्यात आडोशाला कापड मिळत नाही म्हणजे कमालच झाली! एसटी स्टँडवरसुद्धा आता हिरकणी कक्ष असतो. ती बिचारी गडाचा कडा एकदाच उतरली, तुमची सून रोज उतरतेय, तेही संडासातून.

शेजारणी बोलतील, ‘दूध पुरत नाही वाटतं’, ‘डब्यातलं पाजतात म्हणे’. सुनेनं उत्तर दिलं तर ती उद्धट ठरते. तुम्ही नुसतं ‘आमच्याकडे असंच’ म्हणालात की विषय मिटतो. तुमच्या वयाचा एवढा तरी उपयोग करा.

आणि संध्याकाळी ती दारात आली की चप्पल काढेपर्यंत माठातल्या पाण्याचा तांब्या तिच्या हातात द्या. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान फार लागते. तांब्या संपला की लगेच बाळ.