अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या खेड्यातल्या पहिल्या वसाहतकऱ्यांच्या जुन्या मृत्युवार्तांवर किती विसंबावं?

मृत्यूचा दिवस बिनधास्त घ्या, जन्मसाल मात्र ताडून पाहिल्याशिवाय घेऊ नका. आयोवात मृत्यूंची सरकारी नोंद १८८० मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या माणसांसाठी स्थानिक साप्ताहिकातल्या या चार ओळी फार मोलाच्या आहेत. बातमी ताजी असे, पण 'गेल्या मंगळवारी' एवढंच छापलेलं असेल तर अंकाच्या तारखेवरून दिवस मोजा. जन्मगाव आणि इथं आल्याचं साल मात्र घरच्यांच्या आठवणीतलं. 'वय ७१ वर्षं, ३ महिने, ९ दिवस' असं असेल तर वजाबाकी करून १८५० च्या जनगणनेशी जुळवा. घरातल्या प्रत्येकाचं नाव तिच्यापासूनच मिळतं. बायकांच्या बाबतीत जास्त जपा: कित्येकदा 'मिसेस' आणि नवऱ्याचं नाव एवढंच असतं. तिचं स्वतःचं नाव थडग्याच्या दगडावर शोधा.