हरिकेनला चक्रीवादळ म्हणावं का?

एका मैत्रिणीचा प्रश्न आलाय. न्यू ऑर्लिन्स बुडवणाऱ्या २००५ च्या कॅटरिना वादळावरचा लेख ती मराठीत आणतेय. तिचं म्हणणं: "हरिकेनला सरळ चक्रीवादळ लिहू का? आणि लँडफॉलला काय? मोबाइलवरच्या अनुवादाने 'भूस्खलन' दिलंय."

आधी भूस्खलन खोडून टाक. ते दरड कोसळल्यावर होतं. आपल्याकडे वादळ किनाऱ्यावर 'धडकतं', आणि या क्रियापदाला तोड नाही. नामच हवं असेल तर 'किनाऱ्यावर धडक' लिही.

आता मूळ प्रश्न. हरिकेन हे चक्रीवादळच असतं, पण प्रत्येक चक्रीवादळ हरिकेन नसतं. आपल्या हवामान खात्याच्या लेखी वारा ताशी ६२ किलोमीटरला पोचला की 'चक्रीवादळ' झालं. अमेरिकेत तेवढ्या वाऱ्याला 'ट्रॉपिकल स्टॉर्म' म्हणतात. हरिकेन ही पदवी ११९ ला मिळते. म्हणजे आपल्या पायऱ्यांत पाहिलं तर चक्रीवादळ, तीव्र चक्रीवादळ आणि त्यापुढचं 'अतितीव्र' जिथे सुरू होतं, साधारण तिथून हरिकेन. (वाऱ्याची सरासरी तिकडे एक मिनिटाची आणि इकडे तीन मिनिटांची, त्यामुळे तंतोतंत जुळवायला जाऊ नकोस.)

लेखात याने खरंच अडतं. कॅटरिनाचा जन्म २३ ऑगस्टला बहामा बेटांजवळ कमी दाबाच्या क्षेत्रातून झाला. दुसऱ्या दिवशी ती 'ट्रॉपिकल स्टॉर्म' झाली, म्हणजे आपल्या लेखी चक्रीवादळ, आणि तिचं बारसं झालं, आणि २५ ला फ्लोरिडावर धडकण्याच्या जरा आधी ती हरिकेन झाली. पुढे मेक्सिकोच्या आखाताचं कोमट पाणी लागलं आणि २८ ला वारा ताशी २८० किलोमीटरवर गेला. ही पाचवी, सगळ्यात वरची श्रेणी. सगळीकडे 'चक्रीवादळ' लिहिलंस तर "चक्रीवादळाचं चक्रीवादळ झालं" असं वाक्य पदरात पडेल! म्हणून जातीचं नाव चक्रीवादळ ठेव आणि अटलांटिकमधल्या या पायरीला 'हरिकेन'च राहू दे. शब्द मुळात इंग्रजांचाही नाही. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, स्पॅनिशमार्गे आलेला. 'सायक्लोन' मात्र आपल्या शेजारचा. कोलकात्यातल्या हेन्री पिडिंग्टनने १८४० च्या दशकात तो घडवला, सापाच्या वेटोळ्याच्या ग्रीक शब्दावरून.

'तुफान' का नको? एके काळी चाललं असतं. आता तुफान गर्दी होते, तुफान हशा पिकतो. बिचाऱ्या शब्दातलं वादळ कधीच ओसरलं.

सगळ्यात अवघड आहे 'स्टॉर्म सर्ज'. वर्तमानपत्रं 'उंच लाटा' लिहितात आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे येऊन फुटणारी लाट उभी राहते. प्रत्यक्षात वारा समुद्राला किनाऱ्याकडे रेटतो, आणि अख्खी पातळीच चढते. लाटा त्याच्यावर वेगळ्या. मला आधी 'उधाण' सुचलं होतं. पण उधाणाला तिथी असते, अमावास्या-पौर्णिमा पाहून ते येतं. हे पाणी पंचांग बघत नाही. दोन्ही एकाच वेळी आली तर काय होतं ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको, म्हणून तर दोन शब्द वेगळे हवेत. मी 'वादळी फुगवटा' लिहीन. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर तो साडेआठ मीटरच्या आसपास होता, म्हणजे दोन मजली घर छपरासकट पाण्याखाली.

यावरून लेखातली एक गोष्ट जपून लिही. २९ ला लुइझियानात धडकताना कॅटरिना तिसऱ्या श्रेणीवर उतरली होती, वारा २०५ च्या घरात. तरी न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला, कारण फुगलेल्या पाण्याने ठिकठिकाणी बांध फुटले. श्रेणी वाऱ्याची असते, पाण्याची नाही. आणि लेव्हीला 'बांध'च लिही, 'धरण' नको. धरण पाणी अडवून साठवतं. हे बांध पाणी बाहेर ठेवण्यासाठी होते. कोकणातल्या खारबंदिस्तीच्या जातीचे म्हण.

वादळाच्या मधल्या शांत भागाला 'डोळा' खुशाल वापर, रुळलाय. शेवटाला 'विरलं' किंवा 'निवळलं'. जमिनीवर आल्यावर समुद्राची वाफ तुटते, मग वादळ विरतंच.

जाता जाता, तू न विचारलेलं. कॅटरिना 'धडकली' की 'धडकलं'? वर मीच बारसं केल्यावर 'ती' म्हणून बसलोय, पण लेखात 'धडकलं' लिही, 'वादळ' अध्याहृत धरून. जून २०२० मध्ये श्रीवर्धनच्या बाजूला निसर्ग वादळ आलं, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा 'निसर्ग धडकलं' हेच बरोबर वाटत होतं. 'निसर्ग धडकला' म्हटलं असतं तर कुठला निसर्ग, हे विचारावं लागलं असतं.