विचारलं की बाया गप्प का बसतात?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं शाळेच्या गणवेशांचं शिलाई युनिट आहे. चाळीसेक बाया, सगळ्या नगावर, म्हणजे जेवढे नग शिवतील तेवढेच पैसे. वडिलांचा शब्द शेवटचा असायचा. मला तसं वागायचं नाही. आजवर एक बाई अख्खा शर्ट शिवायची. आता लाइन लावायची आहे : एकीनं कॉलर, एकीनं बाही, एकीनं काज-बटण. मीटिंगमध्ये मत विचारलं तर सगळ्या खाली माना घालून बसल्या. एक म्हणाली, "तुम्ही सांगाल तसं, साहेब." बाहेर गेल्यावर कुरकुर सुरू. सुपरवायझर म्हणतो, विचारत बसलात तर डोक्यावर बसतील. काय करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मीटिंगच्या आधीच लाइनचं ठरलं होतं ना? मग त्या काय बोलणार? मी सूतगिरणीत कामगार अधिकारी होते. तिथं सूचनापेटी होती. उघडली की विडीची थोटकं निघायची. विचारणाऱ्याला उत्तर नकोय, हे माणसाला लगेच कळतं.

तुमचीच अडचण अमेरिकेत व्हर्जिनियातल्या हारवूड कंपनीला आली होती. पायजम्यांचा कारखाना, कामगार बहुतेक बाया, त्याही नगावर. काम बदललं की उत्पादन घसरायचं, बाया सोडून जायच्या. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच या दोन संशोधकांनी तिथं केलेला प्रयोग १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला बदल नुसता सांगितला. त्यातल्या १७ टक्के कामगारांनी ४० दिवसांत काम सोडलं आणि उत्पादन काही वर आलं नाही. ज्या गटांत सगळ्याच जणी आखणीला बसल्या, तिथं कुणी सोडून गेलं नाही. उत्पादन आधीपेक्षा सुमारे १४ टक्के वाढलं.

या प्रयोगातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. कामगारांपुढे दोन सारखे कपडे ठेवले. एक दुसऱ्याच्या दुप्पट किमतीला विकला गेलेला. स्वस्त कुठला, ते सांगता येईना. खर्च कमी करायचाच, हे मालकानं ठरवलं होतं आणि तसं ते दाखवूनही दिलं. कसा करायचा, त्यावर चर्चा झाली. तुम्हीही लाइन लागणार असेल तर सरळ सांगून टाका. त्यावर हात वर करायला लावू नका.

आणि आधी मजुरीचं बोला. कॉलरवर हात बसेपर्यंत आठवड्याला किती बुडणार, हा हिशेब प्रत्येकीच्या डोक्यात चालू आहे. तेवढे दिवस जुन्या सरासरीनं पैसे देणार असाल तर पहिल्याच वाक्यात सांगा. देणार नसाल तर मीटिंगवर चहा-बिस्किटं खर्च करू नका.

आता खरंच सोपवण्यासारखं काय? शर्टाचा एकूण दर तुमचा. पण त्यातले कॉलरला किती, बाहीला किती, काज-बटणाला किती, ही वाटणी त्यांना करू द्या. कुठलं काम किचकट, ते त्यांच्या बोटांना माहीत आहे. कुणी कुठं बसायचं, जागा कधी बदलायच्या, हेही त्यांनीच ठरवावं. पाच-सहा जणींचे गट करा, त्या वेळी तुम्ही आणि सुपरवायझर शेडबाहेर थांबा. घरी तेलुगू बोलणाऱ्या असतील तर तेलुगूत बोलू देत. ठरलेलं तेवढं मराठीत सांगायला एक जण पुरे. त्यांनी केलेली वाटणी तुम्हाला पटली नाही तरी महिनाभर ती बदलू नका. एकदा फिरवलीत की पुन्हा "तुम्ही सांगाल तसं".

सुपरवायझरला विचारा, शेडमधली भिशी कोण चालवतं? पैसे, पाळी, अडीनडीला कुणाला आधी द्यायचे, सगळं या बायाच ठरवतात आणि कुणी कुणाच्या डोक्यावर बसत नाही. त्याची खरी धास्ती वेगळी असेल : ओरडायचं काम गेलं तर आपण करायचं काय? त्याला माल वेळेवर पोचवणं आणि मशीन बंद पडू न देणं, ही कामं नेमून द्या.

एक मात्र करा. जूनच्या शाळांच्या ऑर्डरी अंगावर असताना हे काढू नका. जुलैत एका गटापासून सुरुवात करा, बाकीच्यांना नुसतं बघू द्या.