पिकअप घेताय? आधी मागच्या सीटवर बसून बघा

रोजच्या आरामाची पिकअप घ्यावी की आडवाटेची, हा तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण नेमक्या याच पेचात मीही अडकलो होतो. तुमचं रोजचं जाणं-येणं ४० किलोमीटर, तेही डांबरी रस्त्यावर. मागच्या सीटवर दोन मुलं आणि कंबरदुखी असलेली आई. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा दगडधोंड्यांच्या, चिखलाच्या वाटेनं लांब कुठेतरी मुक्कामाला जायची हौस. आणि समोर एकाच पिकअपची दोन मॉडेल्स: एक १८ इंची चाकांचं, गुळगुळीत रस्त्याच्या टायरांचं, दुसरं १७ इंची चाकांचं, जाड नक्षीच्या टायरांचं आणि मागे डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय) असलेलं. घरचे पहिलं घ्या म्हणतात, तुमचं मन दुसऱ्यावर आहे.

आराम वाढला की कच्च्या वाटेवरची ताकद घटणारच, असं आपण सगळेच धरून चालतो. बऱ्याच अंशी ते खरं नाही. जे चाक मोकळेपणानं वर-खाली होतं, ते गतिरोधकावर आईची कंबर सांभाळतं आणि तेच चाक दगडांत जमीन धरून राहतं. दोन्हीकडे मार खायला लावतो तो कडकपणा. म्हणून दोन मॉडेल्स शेजारी उभी करून कोणतं जास्त रांगडं दिसतं हे बघण्यापेक्षा, कोणत्या गाडीत कडकपणा कुठून येतोय आणि त्यातला किती आपल्याला कमी करता येईल, हे बघा.

पिकअपमध्ये तो मुख्यतः मागच्या पाट्यांतून, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमधून येतो. या वर्गातल्या बहुतेक गाड्या हौद्यात जवळपास एक टन माल घेण्यासाठी बांधलेल्या असतात. पाटे त्या एक टनाच्या हिशेबानं बनवलेले, आणि आपण रोज फिरतो रिकामा हौदा घेऊन. शिवाय पाटे एकावर एक बसलेले असतात आणि वाकताना एकमेकांवर घासतात. छोट्या खड्ड्याचा धक्का ती घासण मोडण्याइतका मोठा नसतो, त्यामुळे पाटा वाकतच नाही आणि धक्का जसाच्या तसा वर सीटपर्यंत येतो. मोठ्या खड्ड्यात गाडी बरी वाटते आणि बारीक खडबडीवर मात्र दात वाजतात, त्याचं कारण हे. हौद्यात कॅबिनच्या भिंतीला टेकवून ६०-७० किलो वजन ठेवलं तरी फरक लगेच कळतो. माझ्या गाडीत हत्यारांची पेटी आणि वाळूच्या दोन गोण्या कायम तिथे असतात, पट्ट्यांनी करकचून बांधलेल्या. बांधणं महत्त्वाचं, नाहीतर जोरात ब्रेक लागला की तेच वजन मागच्या काचेतून आत येईल.

हे ओळखूनच काही कंपन्यांनी मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग दिल्या. निसान नवाराच्या २०१४ पासूनच्या पिढीत दुहेरी कॅबिनला अनेक ठिकाणी पाच दांड्यांचं कॉइल सस्पेन्शन आलं. २०१८ च्या फोर्ड रेंजर रॅप्टरनं तेच केलं. २०२४ च्या टोयोटा टकोमातही, स्वस्तातली काही मॉडेल्स सोडता, मागे कॉइल आहेत. यातली रॅप्टर तर उघडउघड आडवाटेसाठीच बनवलेली गाडी. म्हणजे जिला सगळ्यात जास्त उधळायचं आहे, तिलाच मऊ, लांब हालचालीचं सस्पेन्शन दिलंय. बदल्यात तिची माल वाहण्याची क्षमता साध्या रेंजरपेक्षा बरीच कमी झाली. तेव्हा खरी देवाणघेवाण माल आणि आराम यांच्यात आहे. तुम्ही हौद्यात तंबू, शिधा आणि सायकली टाकणार असाल, तर एक टन क्षमतेचं तुम्हाला काहीच करायचं नाही.

आता माझं स्वतःचं सांगतो, कारण ही चूक तुम्ही करू नये असं मनापासून वाटतं. पहिली पिकअप घेतल्यावर महिनाभरात मी ती दोन इंच उंच केली. पुढे कॉइल स्प्रिंगच्या डोक्यावर स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती), मागे पाट्यांखाली ठोकळे. त्यावर चिखलाचे टायर, दहा प्लाय दर्जाचे, दगडासारख्या कडक भिंतींचे. दिसायला गाडी जबरदस्त होती. पण स्पेसरनं सस्पेन्शनची हालचाल वाढत नाही. चाक फक्त आहे त्या हालचालीत खालच्या टोकाजवळ उभं राहतं. मग चाक जरा खड्ड्यात उतरलं की शॉकअप पूर्ण ताणून टोकाला लागतो आणि ‘ठक्’ आवाज येतो. प्रत्येक गतिरोधक उतरताना ठक्. तिसऱ्या आठवड्यात बायको मुलीला घेऊन मागे बसली होती. काही बोलली नाही, पण उतरल्यावर दाराला धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली. पुढच्या वेळी कुठे जायचं निघालं तेव्हा म्हणाली, “आपण दुसऱ्या गाडीनं जाऊ या का?”

एवढं करून आडवाटेवर तरी फायदा झाला असता, तर वेगळं. एकदा आम्ही तीन गाड्या घेऊन जमिनीत रुतलेल्या दगडांचा एक चढ चढत होतो. चढ फार उभा नव्हता, पण दगड आळीपाळीनं डावीकडे-उजवीकडे. माझी गाडी प्रत्येक दगडावर टणकन उडायची. मध्यावर डावं मागचं चाक हवेत गेलं आणि तिथेच गरगरत राहिलं. साध्या डिफरन्शियलमध्ये रिकामं फिरणारं चाकच सगळी फिरकी घेतं, जमिनीवरचं चाक ढिम्म. मागून एक मित्र आला. त्याची गाडी कंपनीतून आली तशी, उंचीला माझ्याहून कमी. पण मागे लॉक होता आणि त्यानं टायरमधली हवा २२ पीएसआयवर आणली होती. तो बाजूनं लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त ताकद देणारे गिअर), चालत्या माणसाच्या वेगानं, एकही दगड न उडवता वर गेला. मग परत खाली आला, खिशातून हवा मोजायचा काटा काढून माझ्या टायरला लावला. ३८! त्यानं व्हॉल्व्हची पिन दाबून धरली. फुस्स आवाज बराच वेळ चालला होता, चारही चाकांना मिळून दहा-बारा मिनिटं. टायरची भिंत जमिनीजवळ थोडी फुगली, दगडाच्या कडेवर टायर दुमडून बसायला लागला. त्याच गाडीनं, त्याच चढावर, दुसऱ्या प्रयत्नात मी वर पोचलो. घासलं, अडखळलं, पण पोचलो. त्या उतरवलेल्या हवेनं जे केलं, ते माझ्या एवढ्या खर्चानं केलं नव्हतं.

म्हणून टायरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण रोजचा आराम आणि आडवाटेची पकड या दोन्हींवर सगळ्यात जास्त हुकमत टायरचीच आहे. तुमच्या पहिल्या मॉडेलचे टायर २६५/६०आर१८ आहेत आणि दुसऱ्याचे २६५/६५आर१७, असं तुम्ही लिहिलंय. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, शेवटचा रिम इंचांत. हिशेब करून बघा. दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, ७७५ आणि ७७६ मिलिमीटर. पण १८ इंची चाकावर रबराची भिंत १५९ मिलिमीटर आहे आणि १७ इंचीवर १७२. ती जास्तीची १३ मिलिमीटर म्हणजे खड्ड्याचा पहिला धक्का गिळणारी हवेची उशी. म्हणजे घरचे जिला ‘ऑफरोड’ म्हणून घाबरतायत, तीच चाकांच्या बाबतीत जास्त आरामाची आहे. मोठं रिम शोरूममध्ये उठून दिसतं, एवढाच त्याचा गुण.

फक्त तिचे टायर कोणत्या बांधणीचे आहेत ते बघून घ्या. ऑल-टेरेन (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) म्हटलं की सगळे सारखे नसतात. टायरच्या कडेला आकड्यांच्या आधी ‘एलटी’ (हलक्या ट्रकचा टायर) लिहिलं असेल आणि लोड रेंज, म्हणजे भार पेलण्याचा दर्जा, ‘ई’ असेल, तर भिंत खूप कडक आणि टायर जड; एका चाकामागे ४-५ किलोचा फरक सहज पडतो. हे वजन स्प्रिंगच्या खालचं, ते झेलताना शॉकअपची दमछाक होते. धारदार दगडांवर रोज जाणाऱ्याला ते टायर लागतात. तुम्हाला साध्या बांधणीचे ऑल-टेरेन पुरतील. थोडी घरघर ऐकू येईल आणि इंधन किंचित जास्त लागेल, ते सहन करण्यासारखं आहे. मोठ्या आकाराच्या मोहात मात्र पडू नका. २६५/६५ वरून २८५/७० वर गेलात तर व्यास सात टक्क्यांनी वाढतो. वेगाचा काटा १०० दाखवेल तेव्हा आधीपेक्षा सात टक्के जास्त वेगानं जात असाल, गिअर जड पडतील आणि स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या पत्र्याला घासेल.

आणि हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा. बऱ्याच पिकअपवर तिथे दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचा आणि पूर्ण भरलेल्या गाडीचा. हवा भरणारा मोठी गाडी बघून बेधडक जास्तीचा आकडा भरतो आणि आपण वर्षभर सस्पेन्शनला शिव्या देत फिरतो. सकाळी टायर थंड असताना मोजायचं. कच्च्या वाटेवर २५ च्या आसपास, मऊ वाळूत १८ पर्यंत. त्याहून फार खाली गेलात तर वळणावर टायर रिममधून निसटायचा धोका असतो. हवा कमी असताना वेग कमी ठेवायचा आणि डांबरावर येण्याआधी पुन्हा भरायची. त्यासाठी १२ व्होल्टचा चांगला कॉम्प्रेसर गाडीत हवाच. कुठलंही साहित्य घ्यायच्या आधी तो आणि हवेचा काटा घ्या.

टायर नंतर बदलता येतात, शॉकअप बदलता येतात. लो रेंज, मागचा लॉक, मागच्या सस्पेन्शनचा प्रकार आणि मागच्या सीटच्या पाठीचा कोन या गोष्टी मात्र गाडीबरोबर जशा येतात तशाच राहतात. लॉक बाहेरून बसवता येतो, पण मागचा ॲक्सल उघडावा लागतो आणि वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो. तुमच्या पहिल्या मॉडेलमध्ये ब्रेकवर चालणारं ट्रॅक्शन कंट्रोल आहे, ते वाईट नाही. पण ते चाक घसरायला लागल्यावर जागं होतं, आणि ओल्या दगडावर घसरायला लागल्यावर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. लॉकनं दोन्ही चाकं एकत्र फिरतात, त्यामुळे गाडी हळू चालवता येते. हळू चालवलेली गाडी कमी आदळते. मागे आई बसलेली असताना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. डांबरावर लॉक बंद असतो, त्याचा आरामाशी काहीच संबंध येत नाही.

फोर-व्हील ड्राइव्हबद्दल एकच. दोन्ही मॉडेल्समध्ये पार्ट-टाइम पद्धत आहे, म्हणजे चारही चाकांची ताकद गरजेपुरती जोडायची; पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर फोर-एच (नेहमीच्या गिअरमध्ये चारही चाकं जोडणं) लावून वळलात तर पुढची आणि मागची चाकं वेगळं अंतर कापू पाहतात, यंत्रणा आवळली जाते, गाडी अडखळते. फोर-एच निसरड्या जमिनीसाठी ठेवा.

लांबीचं बंधन दोन्हीकडे सारखंच आहे. या वर्गातल्या गाड्यांचा व्हीलबेस तीन मीटरच्या वर असतो. हायलक्सचा ३,०८५ मिलिमीटर, जीप ग्लॅडिएटरचा तर जवळपास साडेतीन मीटर. उंचवटा ओलांडताना पोट टेकतं आणि नाल्यातून चढताना हौद्यामागचा बंपर घासतो. एक-दोन इंच उंचीनं यात थोडाच फरक पडतो. खाली उतरून वाट पाहून घेणं आणि योग्य ठिकाणी ओलांडणं शिकलात, तर अर्ध्याहून जास्त वेळा निभावतं.

टेस्ट ड्राइव्हला आईला बरोबर न्या. आधी तुम्ही स्वतः मागे बसा आणि चालवायला दुसऱ्याला द्या. दुहेरी कॅबिनमध्ये मागच्या सीटची पाठ बऱ्याचदा सरळ उभी असते, कारण तिच्यामागे लगेच भिंत आहे. गुडघे वर येतात का, मांडीला आधार मिळतो का, ते अर्धा तास बसल्याशिवाय कळत नाही. विक्रेता गुळगुळीत रस्त्यानं नेईल. तुम्ही डांबर उखडलेला एखादा तुकडा आधीच हेरून ठेवा आणि तिथून ३०-४० च्या वेगानं, हौदा रिकामा ठेवून, दोन्ही गाड्या न्या. निघण्याआधी चारही टायरची हवा मोजून स्टिकरप्रमाणे करून घ्या. शोरूममधल्या गाड्यांत ती बऱ्याचदा खूप जास्त असते, आणि मग तुलनेला अर्थ राहत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर दुसरं मॉडेल घेतलं असतं, ते १७ इंची चाकांचं, लॉकवालं. साधे ऑल-टेरेन टायर, हौद्यात बांधलेलं थोडं वजन, उंची कंपनीनं दिली तेवढीच. दोन वर्षांनी मूळचे शॉकअप थकले की चांगले, छोट्या धक्क्यांवर मऊ राहणारे शॉकअप टाकले असते. तुमच्या मुक्कामाच्या वाटा नुसत्या मुरमाच्या असतील, जिथे साधी कारही हळूहळू पोचते, तर मात्र घरच्यांचं ऐका आणि पहिलं घ्या. फक्त विक्रेत्याकडून १७ इंची चाकं बदलून मिळतात का ते विचारा. ती पुढच्या ब्रेकवर बसतात याची खात्री करूनच.

तुमची वाट नेमकी कशी आहे, चिखलाची की दगडांची, आणि आई एका वेळी किती तास बसू शकते, तेवढं लिहा. टायर कोणते घ्यायचे ते त्यावरून सांगतो.