नॉर्वेत निर्वासितांची मुले सरकार सहज काढून घेते का?

सहज नाही. बहुतेक प्रकरणे घरीच मदत देऊन मिटतात. तरीही आपल्या प्रश्नाने मला बोलते केले, कारण ही भीती मी फार जवळून पाहिली आहे.

मी बर्गनच्या एका बालवाडीत काम करते. तेथील एका सीरियन मुलाच्या सततच्या गैरहजेरीबद्दल बालकल्याण खात्याला कळवले गेले. गंभीर काळजी वाटली की कळवणे येथे कायद्याने बंधनकारक आहे. खात्याचे पत्र आले, ते आईने न फोडताच पिठाच्या डब्यामागे सारून ठेवले. पुढे दोन अधिकारी बाई घरी आल्या. दुभाषी आणलेला नव्हता, म्हणून थोरल्या मुलीलाच मध्ये बसवले, आणि सीरियातील युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या अलेप्पो शहराचा विषय निघताच आई उठून भरलेल्याच पेल्यांत पुन्हा चहा ओतू लागली. अहवालात नोंद झाली की आई भावना व्यक्त करत नाही. तो अहवाल तिने मला वाचायला दिला, तेव्हा माझा संताप अनावर झाला, कारण 2022 पासून लागू असलेल्या कायद्याने मुलांना असे दुभाषी करण्यास एरवी मनाई आहे. पुढच्या भेटीला आम्ही अरबी दुभाषी मागून घेतला आणि प्रकरण पालकांच्या समुपदेशनावर थांबले.

माझे दीर मात्र दर गणपतीत 2011 चे स्टव्हँगर शहरातील प्रकरण, म्हणजे बालकल्याण खात्याने एका भारतीय दांपत्याची मुले काढून घेतली होती ते, उकरून काढतात आणि ‘एवढी भीती वाटते तर परत जावे’ असे सुनावतात. त्या भारतीय दांपत्याच्या पाठीशी भारत सरकार उभे राहिले, म्हणून 2012 मध्ये मुले भारतात काकांकडे पोहोचली. ज्या सरकारपासून जीव वाचवून माणूस पळाला, त्याच्या वकिलातीची पायरी तो कसा चढणार? एका सोमाली निर्वासित आईने तर मुलगा परतही मागितला नव्हता. ख्रिस्ती कुटुंबाला दत्तक देऊन त्याचे आपल्याशी आणि आपल्या धर्माशी असलेले नाते तोडू नये, एवढेच तिचे म्हणणे होते. त्यासाठी तिला स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत जावे लागले आणि 2021 मध्ये निकाल नॉर्वेच्या विरोधात लागला.

तेव्हा आपल्या ओळखीत असे कुटुंब असेल, तर त्यांना परतीचा सल्ला देऊ नका. पत्र लगेच फोडायला सांगा, दुभाषी मागायला सांगा, आणि मूल काढून घेण्याची गोष्ट अशा प्रकरणांचा निर्णय देणाऱ्या मंडळापुढे गेली तर वकील सरकारी खर्चाने मिळतो हेही सांगा. अर्थात ज्या घरात मुलाला खरोखरच मार बसतो, तेथे खात्याने यायलाच हवे. मुलांना मारणे येथे 1987 पासून बेकायदा आहे आणि त्यात निर्वासितांना सूट असावी असे मी कधीच म्हणणार नाही.